ख्रिस्ती श्रद्धेतील दैनंदिन ईश्वरसान्निध्य : संकल्पना, साधना आणि विवेक

सारांश

ईश्वर सर्वत्र आहे हे तत्त्व बहुतेक धर्मपरंपरांना मान्य आहे. परंतु 'सर्वत्र असणारा ईश्वर' आणि 'आज, या कामात, या माणसाच्या सहवासात जाणवणारा ईश्वर' यांत मोठे अंतर आहे. ख्रिस्ती साधनेच्या इतिहासात हे अंतर कसे ओलांडले गेले, त्यासाठी कोणत्या साधनापद्धती विकसित झाल्या आणि अशा अनुभवाची पारख कोणत्या कसोट्यांवर केली गेली, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. बायबलमधील आधार, ब्रदर लॉरेन्स व इग्नेशियस लोयोला यांच्या साधनापद्धती आणि पंडिता रमाबाई व टिळक दांपत्य यांची मराठी उदाहरणे यांचा विचार येथे केला आहे.

बीजसंज्ञा : ईश्वरसान्निध्य, प्रार्थना, दैनंदिन जीवन, आध्यात्मिक शुष्कता, विवेक, मराठी ख्रिस्ती साहित्य.

प्रस्तावना

धर्माचा अभ्यास करताना आपले लक्ष बहुधा धर्मग्रंथ, सिद्धांत, विधी आणि संस्था यांच्याकडे जाते. सामान्य श्रद्धाळू माणसाचा दिवस मात्र सिद्धांतांनी भरलेला नसतो. सकाळी पाणी भरणे, डबा करणे, बस गाठणे, कचेरीतील कामे, आजाऱ्याची सेवा आणि रात्रीचा थकवा यांनीच तो भरलेला असतो. या दिवसात ईश्वराला स्थान आहे काय, आणि असल्यास ते रविवारच्या उपासनेपुरते आहे की स्वयंपाकघरापर्यंत पोहोचणारे आहे, हा प्रश्न श्रद्धेच्या दृष्टीने मूलभूत आहे.

या प्रश्नाला दुसरीही एक बाजू आहे. ज्यांना असे सान्निध्य जाणवत नाही त्यांचे काय? आपल्या मुलाच्या मृत्यूनंतर प्रार्थनेला बसलेल्या आईला काहीच जाणवले नाही, तर ती श्रद्धेत उणी ठरते काय? 'जाणवणे' हीच श्रद्धेची कसोटी मानली तर अनेक प्रामाणिक माणसांवर अन्याय होतो. याउलट जाणिवेला काहीच स्थान नाही असे मानले तर धर्म केवळ नियमांची यादी होऊन बसतो. या दोन टोकांमधून ख्रिस्ती परंपरेने कसा मार्ग काढला, हे पाहणे हा या लेखाचा मुख्य हेतू आहे.

१. संकल्पनेचा बायबलमधील आधार

ख्रिस्ती श्रद्धेत ईश्वरसान्निध्याची कल्पना जुन्या कराराइतकी प्राचीन आहे. स्तोत्रसंहितेतील १३९ व्या स्तोत्राचा कर्ता अशा स्थळाचा विचार करतो की जेथे ईश्वरापासून दूर जाता येईल. आणि आकाशापासून अधोलोकापर्यंत असे स्थळ नाही, अशा निष्कर्षाला तो येतो. नव्या करारात मत्तयकृत शुभवर्तमान येशूला 'इम्मानुएल' हे नाव लावते. 'आमच्यासह देव' असा या नावाचा अर्थ आहे. हे शुभवर्तमान या नावाने आरंभ करते आणि शेवटच्या अध्यायात, युगाच्या समाप्तीपर्यंत शिष्यांसोबत राहण्याच्या येशूच्या अभिवचनाने संपते. म्हणजे सान्निध्य हा त्या संपूर्ण ग्रंथाचा आरंभ आणि शेवट आहे.

तथापि बायबलमधील सान्निध्याच्या कथा बारकाईने पाहिल्या असता एक लक्षणीय गोष्ट आढळते. बहुतेक ठिकाणी माणसाला ईश्वराची ओळख मागाहून पटते. उत्पत्तीच्या २८ व्या अध्यायात याकोब दगड उशाला घेऊन उघड्यावर झोपतो. ते स्थळ ईश्वराचे होते आणि आपल्याला ते ठाऊक नव्हते, हे त्याला जाग आल्यानंतर कळते. निर्गमाच्या ३३ व्या अध्यायात मोशे ईश्वराचे तेज पाहण्याची इच्छा व्यक्त करतो. त्याला मुखदर्शन मिळत नाही, पाठमोरे दर्शन मात्र घडते. लूककृत शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य पुनरुत्थित येशूबरोबर चालतात, बोलतात, परंतु त्याला ओळखत नाहीत. सायंकाळी भोजनाच्या वेळी त्याने भाकर मोडली तेव्हा त्यांचे डोळे उघडतात, आणि त्याच क्षणी तो दिसेनासा होतो. त्यानंतरच त्यांना वाटेतील संभाषणाचा अर्थ उमगतो.

या कथांमधून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सान्निध्य हे जाणिवेच्या आधी असते. जाणीव नसली तरी ते असू शकते. दुसरी, ही ओळख बहुधा साध्या गोष्टीतून पटते. वाट, झोप, भाकर या त्या साध्या गोष्टी होत. १ राजे या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात होरेब पर्वतावरील एलीयाला वारा, भूकंप व अग्नी यांत ईश्वर आढळत नाही. त्यानंतरच्या अत्यंत मंद वाणीत तो आढळतो. तिसरी गोष्ट अशी की, ही ओळख बहुधा मागे वळून पाहण्याने घडते. पुढे विकसित झालेल्या ख्रिस्ती साधनापद्धती या तीन सूत्रांवरच उभ्या आहेत.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायातील न्यायाचे वर्णन याहून पुढे जाते. भुकेल्यांना अन्न देणारे, उघड्यांना वस्त्र देणारे व बंदिवानांची भेट घेणारे लोक तेथे आश्चर्यचकित होतात. आपण केलेली सेवा ख्रिस्ताला पोहोचली हे त्यांना ठाऊकच नसते. त्यांना सान्निध्याची कोणतीही 'जाणीव' झालेली नव्हती, तरीही सान्निध्य घडले होते. हा उतारा या विषयाच्या चर्चेत निर्णायक ठरतो. कारण ईश्वराशी होणारी भेट येथे भावनेवर न ठरता शेजाऱ्याशी असलेल्या वर्तनावर ठरते.

२. स्वयंपाकघरातील साधना : ब्रदर लॉरेन्स

दैनंदिन कामातील ईश्वरसान्निध्याचा विषय निघाला की सतराव्या शतकातील ब्रदर लॉरेन्स यांचे नाव प्रथम घेतले जाते. त्यांचे मूळ नाव निकोला एर्मां. फ्रान्सच्या लोरेन प्रांतात, इ. स. १६१४ च्या सुमारास, एका सामान्य कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तीस वर्षांच्या युद्धात ते शिपाई होते व जखमी झाले होते. वयाच्या अठराव्या वर्षी हिवाळ्यातील एक निष्पर्ण झाड पाहून, काही काळाने त्याला पुन्हा पालवी फुटेल या विचाराने त्यांच्या मनात ईश्वराच्या सामर्थ्याची खोल जाणीव झाली, असे त्यांनी पुढे सांगितले. काही काळ नोकर म्हणून काम केल्यानंतर १६४० मध्ये ते पॅरिस येथील कार्मेल संघाच्या मठात दाखल झाले. ते धर्मगुरू नव्हते. मठातील शारीरिक कामे करणारे बंधू म्हणूनच ते अखेरपर्यंत राहिले.

त्यांच्याकडे स्वयंपाकघराचे काम आले. या कामाची त्यांना मुळातच नावड होती. तेथे त्यांनी सुमारे पंधरा वर्षे काढली व नंतर पायाच्या दुखण्यामुळे त्यांना वहाणा दुरुस्त करण्याचे काम देण्यात आले. मठासाठी द्राक्षमद्य खरेदी करण्यास त्यांना बर्गंडी प्रांतात पाठविण्यात आले असता, पाय अधू असल्याने नावेवर पिंपांवरून सरपटत त्यांना हालचाल करावी लागे. व्यवहाराचे ज्ञान नसताना हे काम कसे पार पडले, याचे श्रेय ते ईश्वराला देत. १२ फेब्रुवारी १६९१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्याशी १६६६ पासून झालेली संभाषणे आणि त्यांची पत्रे जोझेफ द बोफोर या धर्मगुरूंनी संकलित केली व त्यांच्या मृत्यूनंतर ती प्रकाशित झाली. 'ईश्वरसान्निध्याचा अभ्यास' या आशयाच्या नावाने हे छोटे पुस्तक कॅथलिक व प्रोटेस्टंट अशा दोन्ही पंथांत वाचले जाते.

ब्रदर लॉरेन्स यांच्या साधनेचे स्वरूप साधे आहे. काम करता करता मन पुनःपुन्हा ईश्वराकडे वळविणे, त्याच्याशी मनातल्या मनात बोलणे, लहानसे कामही त्याच्या प्रीतीसाठी करणे आणि मन भरकटले तर खेद करीत न बसता शांतपणे परत येणे, एवढेच ते सांगतात. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत त्यांच्या लेखी भेद उरला नव्हता. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने निरंतर प्रार्थना करण्याचा जो उपदेश केला आहे, त्याचा हा व्यावहारिक अर्थ म्हणता येईल.

येथे दोन गैरसमज टाळले पाहिजेत. पहिला असा की, ही सहज साध्य होणारी अवस्था आहे. वस्तुतः आरंभीची सुमारे दहा वर्षे आपण मोठ्या मानसिक यातनेत काढली, असे ब्रदर लॉरेन्स यांनी सांगितले आहे. दुसरा गैरसमज असा की, सान्निध्याची साधना म्हणजे कामातून मन काढून घेणे. त्यांच्या बाबतीत उलट घडले. काम अधिक निगुतीने होऊ लागले, कारण ते कोणासाठी करावयाचे हे स्पष्ट झाले होते. त्यांच्याच कार्मेल संघाच्या सुधारक, आविलाच्या संत तेरेसा (१५१५–१५८२) यांनी आपल्या भगिनींना स्वयंपाकघरातील भांड्याकुंड्यांमध्येही ईश्वर वावरतो असे समजावले होते. त्या उपदेशाचे प्रत्यक्ष आचरण ब्रदर लॉरेन्स यांच्या जीवनात दिसते.

मराठी वाचकाला ही कल्पना अपरिचित वाटणार नाही. जात्यावर दळणारी जनाबाई, मळ्यात राबणारा सावता माळी आणि मडकी घडविणारा गोरा कुंभार यांच्या कथांतून वारकरी परंपरेने कर्म आणि भक्ती यांतील भिंत कधीच पाडली आहे. दोन्ही परंपरांचे तत्त्वज्ञान एक नाही. ख्रिस्ती सान्निध्याचा आधार नासरेथच्या येशूमध्ये घडलेला देहधारणेचा ऐतिहासिक प्रसंग हा आहे. परंतु श्रमिकाच्या हातातील कामाला उपासनेचा दर्जा देण्याची वृत्ती दोन्हीकडे समान आहे, हे निःसंशय.

३. दिवसाचे पुनरावलोकन : इग्नेशियस लोयोला

कामाच्या ओघात ईश्वराचे स्मरण ठेवणे हा एक मार्ग झाला. दिवस संपताना मागे वळून पाहणे हा दुसरा मार्ग आहे. याची पद्धतशीर मांडणी येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी केली. १५२१ मध्ये पांप्लोना येथील लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर असताना शौर्यकथांऐवजी ख्रिस्तचरित्र व संतचरित्रे त्यांच्या वाचनात आली. त्या वेळी त्यांनी स्वतःच्या मनाचे एक सूक्ष्म निरीक्षण केले. पराक्रमाची स्वप्ने रंगविताना आनंद होई, पण नंतर मन कोरडे पडे. संतांसारखे जगण्याचा विचार केल्यावर मात्र समाधान टिकून राही. विचार आला त्या क्षणीचा आनंद महत्त्वाचा नसून त्याच्या पाठीमागे मनात काय उरते हे महत्त्वाचे, हा त्यांचा शोध होता. पुढे 'आध्यात्मिक साधना' या पुस्तिकेत त्यांनी हे नियमबद्ध केले. या पुस्तिकेला १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली.

या पुस्तिकेतील दैनिक आत्मपरीक्षणाचे पाच टप्पे आहेत : दिवसभर लाभलेल्या गोष्टींबद्दल आभार मानणे, स्वतःकडे पाहण्यासाठी प्रकाश मागणे, दिवसातील विचार, शब्द व कृती यांचा क्रमाने आढावा घेणे, चुकांबद्दल क्षमा मागणे आणि उद्यासाठी संकल्प करणे. यासाठी पंधरा मिनिटे पुरतात. शिक्षक, परिचारिका, गृहिणी, कामगार अशा कोणालाही हे करता येते. यातील आरंभ आभाराने होतो, आरोपाने होत नाही, ही बाब मानसशास्त्रीयदृष्ट्याही अर्थपूर्ण आहे. स्वतःच्या चुकांपासून आरंभ केला असता मन एक तर खचते किंवा समर्थने शोधू लागते. कृतज्ञतेपासून आरंभ केला असता तेच मन चुकांकडे अधिक निर्भयपणे पाहू शकते.

याकोब, मोशे आणि अम्माऊसचे शिष्य यांच्या कथांत आढळणारे सूत्र येथे पद्धतीच्या रूपाने येते. धावपळीच्या क्षणी जे जाणवले नाही ते सायंकाळच्या शांततेत ओळखता येते. सकाळी रागावलेल्या सहकाऱ्याच्या बोलण्यातील दुःख, रस्त्यात अनोळखी माणसाने केलेली मदत, आपण टाळलेली एखादी भेट, या सर्वांचा अर्थ मागाहून लागतो.

दिवसाच्या लयीला ईश्वराच्या स्मरणाची जोड देण्याचे कार्य सामूहिक प्रथांनीही केले आहे. वसई परिसरात व गोव्यात सकाळ, दुपार व संध्याकाळ अशी तीन वेळा होणारी देवदूताच्या निरोपाच्या प्रार्थनेची घंटा, घराघरांतील सायंकाळची जपमाळ, वाटेवरचे क्रूस आणि जेवणापूर्वीची प्रार्थना यांचा उद्देश हाच आहे. इ. स. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्लिश येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये 'क्रिस्तपुराण' ओवीछंदात सिद्ध केले. येथील लोकांना परिचित असलेल्या पुराणाच्या घाटात व छंदात ख्रिस्तकथा आल्यामुळे ती परक्या भाषेतील विधीपुरती मर्यादित न राहता मराठी कानांची व मराठी जिभेची झाली.

४. मराठी ख्रिस्ती जीवनातील तीन उदाहरणे

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदनाची स्थापना केली. परंतु १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट नमूद केली आहे. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर अनेक वर्षांनी, इ. स. १८९१ च्या सुमारास, आपल्याला धर्म मिळाला असला तरी त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांना उमगले. सिद्धांत बुद्धीला पटणे आणि सान्निध्य जीवनाला लाभणे यांतील भेद त्यांच्याइतक्या स्पष्टपणे क्वचितच कोणी मांडला असेल. त्या स्वतः संस्कृतच्या विदुषी होत्या. बौद्धिक पटण्याचे मोल त्यांना ठाऊक होते. म्हणूनच त्यांची ही नोंद अधिक मोलाची ठरते.

या अनुभवाची परिणती लोकांपासून दूर जाण्यात झाली नाही. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी निराधार मुली व विधवा यांना आश्रय दिला. केडगाव येथील मुक्ती सदन त्यातून उभे राहिले. तेथे १९०५ मध्ये मोठी आध्यात्मिक जागृती झाली. त्याच ठिकाणी शेती, विणकाम, मुद्रण यांसारखे उद्योगही चालत होते. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून सामान्य स्त्रियांना कळेल अशा सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर केले, आणि त्याची छपाई सदनातील स्त्रियांनीच केली. त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये ते प्रकाशित झाले. प्रार्थना, भाषांतर, खिळे जुळविणे आणि अनाथांचे संगोपन ही एकाच श्रद्धेची अंगे होती.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. संत तुकाराम हे आपल्याला ख्रिस्ताकडे नेणारा पूल ठरले, अशी त्यांची भावना होती. त्यांच्या अभंगांतील व पदांतील ख्रिस्त दूरचा न्यायाधीश नाही; तो सखा, गुरू आणि आई अशा नात्यांनी भेटतो. पाश्चात्त्य चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांऐवजी त्यांनी अभंग, ओवी व भजन यांचा स्वीकार केला. त्यामुळे मराठी ख्रिस्ती माणसाला आपल्या घरच्या बोलीत देवाशी बोलण्याची सोय झाली. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना स्थान होते. ईश्वराचे सान्निध्य संस्थेच्या सभासदत्वाने बांधलेले नाही, हा त्यामागील विचार होता.

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे उदाहरण दैनंदिनतेच्या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. पतीच्या धर्मांतरानंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मधल्या काळात विरह, लोकनिंदा आणि सोवळ्याओवळ्याचा मानसिक संघर्ष त्यांनी सोसला. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्रात या परिवर्तनाचे वर्णन आहे. जातिभेद ईश्वरनिर्मित नसून मनुष्यनिर्मित आहे, हे त्यांना कोणत्याही व्याख्यानातून उमगले नाही. स्वतःच्या विचाराने ते उमगले. आणि त्याचा पहिला परिणाम अन्नपाण्याच्या व्यवहारावर झाला. कोणाच्या हातचे पाणी प्यावे या प्रश्नात त्यांच्या श्रद्धेचे परिवर्तन साकार झाले. भारतीय संदर्भात ईश्वरसान्निध्याची खरी परीक्षा पाणवठ्यावर व पंगतीत होते, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसून येते. चर्चमध्येही जातीची जाणीव पूर्णपणे नष्ट झालेली नाही. त्या दृष्टीने हे उदाहरण ख्रिस्ती समाजालाही अंतर्मुख करणारे आहे.

५. जाणिवेचा अभाव : शुष्कतेचा प्रश्न

सान्निध्याची चर्चा केवळ लाभलेल्या अनुभवांवर थांबली तर ती अपुरी व काहीशी क्रूर ठरेल. बायबलमध्ये ईश्वराच्या मौनाबद्दलच्या आक्रोशाला मोठे स्थान आहे. ईयोबाचे संपूर्ण पुस्तक त्यावर आधारलेले आहे. स्तोत्रसंहितेतील ८८ वे स्तोत्र तर कोणत्याही आशेच्या शब्दाविना अंधारात संपते. तरीही ते प्रार्थनाग्रंथातून वगळले गेले नाही. क्रूसावरील येशूने परित्यक्ततेची जी आरोळी मारली ती २२ व्या स्तोत्राची सुरुवात होय. ज्याला ख्रिस्ती लोक देवाचा पुत्र मानतात त्यालाच हा अभाव जाणवला असेल, तर सामान्य माणसाच्या शुष्कतेला अश्रद्धा म्हणता येत नाही.

संत जॉन ऑफ द क्रॉस (१५४२–१५९१) यांनी या अवस्थेला 'काळोखी रात्र' असे संबोधून तिला साधनेतील एक टप्पा मानले. अनुभवाच्या गोडीवर जडलेले मन ईश्वराकडे वळावे यासाठी ती गोडी काढून घेतली जाते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आधुनिक काळातील याचे ठळक उदाहरण मदर तेरेसा यांचे आहे. २००७ मध्ये त्यांची खाजगी पत्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. कोलकात्यातील कार्याच्या आरंभापासून अनेक दशके त्यांना ईश्वराचे सान्निध्य जवळजवळ जाणवतच नव्हते, हे त्यांतून उघड झाले. काहींना हा श्रद्धेचा पराभव वाटला. परंतु चर्चने २०१६ मध्ये त्यांना संतपद दिले, तेव्हा ही पत्रे सर्वांना ज्ञात होती. जाणीव नसताना निष्ठेने केलेली सेवा ही जाणिवेसह केलेल्या सेवेपेक्षा उणी नाही, असा याचा अर्थ होतो. मत्तयाच्या २५ व्या अध्यायातील विचाराशी तो पूर्णतः सुसंगत आहे.

इग्नेशियस यांचा एक व्यावहारिक नियम येथे उपयुक्त ठरतो. मन उदास व कोरडे असताना, पूर्वी शांत चित्ताने घेतलेला निर्णय बदलू नये, असे ते सुचवितात. प्रार्थनेचा वेळ किंचित वाढवावा, धीर धरावा आणि ही अवस्था कायमची नाही हे लक्षात ठेवावे. शोकग्रस्त माणसाला 'तुमचा विश्वास कमी पडला' असे सांगणे या परंपरेत बसत नाही. तसेच दीर्घकाळ टिकणारे नैराश्य, झोप व भूक हरपणे, जगण्याची इच्छा न राहणे ही लक्षणे दिसल्यास वैद्यकीय मदत घेणे आवश्यक असते. साधना आणि उपचार यांत विरोध मानण्याचे कारण नाही.

६. विवेकाच्या कसोट्या

मनात आलेला प्रत्येक विचार हा ईश्वराचा आवाज नसतो. योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रत्येक आत्म्यावर विश्वास न ठेवता पारख करण्याचा उपदेश आहे. अभ्यासकांनीही या प्रश्नाकडे वेगवेगळ्या दृष्टींनी पाहिले आहे. विल्यम जेम्स यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात धार्मिक अनुभवाचे मूल्य त्याच्या उगमावरून न ठरविता जीवनातील त्याच्या फळांवरून ठरवावे, असे मत मांडले. रूडॉल्फ ओटो यांनी १९१७ मध्ये पवित्रतेच्या अनुभवातील भय व आकर्षण यांचे विश्लेषण केले. मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुरमान यांनी अमेरिकेतील एका पंथाच्या चर्चमध्ये दीर्घकाळ राहून केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ईश्वराशी संवाद साधता येणे हे बव्हंशी सरावाने शिकलेले कौशल्य असते, असे त्यांना आढळले. ईश्वरासाठी कॉफीचा दुसरा पेला भरून ठेवून त्याच्याशी बोलण्यासारखे उपक्रमही तेथील लोक करीत. लुरमान ईश्वराच्या अस्तित्वाविषयी निर्णय देत नाहीत. सराव लागतो म्हणून अनुभव खोटा, असाही निष्कर्ष त्यातून निघत नाही. संगीतातील सूक्ष्म श्रुती ओळखण्यासही सराव लागतोच.

ख्रिस्ती परंपरेतून पुढे आलेल्या कसोट्या पुढीलप्रमाणे सांगता येतील :

(अ) शास्त्राची कसोटी : जाणवलेली प्रेरणा येशूच्या शिकवणुकीशी व त्याच्या स्वभावाशी सुसंगत आहे काय?

(आ) फळांची कसोटी : गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता इत्यादी आत्म्याची फळे सांगितली आहेत. अनुभवानंतर माणूस अधिक नम्र झाला की अधिक अहंकारी?

(इ) समुदायाची कसोटी : इतर विवेकी व्यक्तींसमोर ही प्रेरणा मांडण्याची तयारी आहे काय? गुप्ततेचा व विशेषाधिकाराचा आग्रह धरणारा दावा संशयास्पद मानावा.

(ई) शेजाऱ्याची कसोटी : दिसणाऱ्या बंधूवर प्रीती न करणारा न दिसणाऱ्या ईश्वरावर प्रीती करू शकत नाही, असा योहानाचा युक्तिवाद आहे. ज्या अनुभवामुळे दुर्बलांचा भार वाढतो तो अनुभव तपासून पाहिला पाहिजे.

यांपैकी चौथी कसोटी सर्वांत कठोर आहे. 'ही ईश्वराची इच्छा आहे' असे म्हणून स्वतःची इच्छा दुसऱ्यावर लादणे कुटुंबातही घडते आणि संस्थांमध्येही घडते. यशायाच्या ५८ व्या अध्यायात उपास करूनही मजुरांना राबवून घेणाऱ्यांची जी कानउघाडणी आहे, ती आजही तितकीच लागू पडते. सान्निध्याचा दावा करणाऱ्यावर अधिक जबाबदारी येते. अधिक अधिकार मात्र येत नाही.

निष्कर्ष

१. ख्रिस्ती श्रद्धेत ईश्वराचे सान्निध्य आणि त्याची जाणीव या दोन भिन्न गोष्टी आहेत. सान्निध्य हे अभिवचन आहे; जाणीव ही देणगी आहे. देणगी कधी लाभते, कधी लाभत नाही.

२. बायबलमधील कथांनुसार ईश्वराची ओळख बहुधा साध्या प्रसंगांत आणि मागाहून पटते. ब्रदर लॉरेन्स यांचे कामातील स्मरण आणि इग्नेशियस यांचे सायंकालीन पुनरावलोकन या परस्परपूरक साधना आहेत.

३. पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांच्या जीवनात हा अनुभव अनुक्रमे सेवा, भाषा आणि अन्नपाण्याचा व्यवहार यांतून व्यक्त झाला. मराठी ख्रिस्ती परंपरेचे हे स्वतंत्र योगदान होय.

४. शुष्कता म्हणजे अश्रद्धा नव्हे. जाणिवेविना टिकविलेली निष्ठा हीदेखील सान्निध्याची साक्ष असू शकते.

५. अनुभवाची अंतिम पारख शेजाऱ्याशी असलेल्या वर्तनात होते.

महाविद्यालयात शिकविणाऱ्यांच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक अंग आहे. वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी श्रद्धेने भरलेला असतो, कोणी श्रद्धा हरवून बसलेला असतो, तर कोणी घरातील दुःख घेऊन आलेला असतो. धार्मिक अनुभवाची थट्टा न करता आणि त्याला प्रश्नांपासून मुक्तही न ठेवता त्याविषयी बोलता येते, हे या परंपरेच्या अभ्यासातून शिकता येते. आलेल्या विद्यार्थ्याचे म्हणणे पूर्ण लक्ष देऊन ऐकणे हे कोणत्याही धर्माच्या अथवा धर्म न मानणाऱ्या शिक्षकाला शक्य आहे. ख्रिस्ती दृष्टीने पाहता, ईश्वराची भेट घडण्याचे तेही एक ठिकाण आहे.